रणमाळाचा उलटा फेरा

मी एक जुना वीरगळ आहे, मित्रांनो. मलकापूरपासून जरा आत, रणमाळाच्या कडेला उभा आहे. इथे कधीकाळी लढाई झाली. कोण जिंकले ते आता कुणाला आठवत नाही. पडलेला एक जण तेवढा माझ्या अंगावर कोरलेला आहे. खाली त्याची लढाई, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर स्वर्ग. पाथरवटाने त्याला जितेपणी नसलेल्या भरघोस मिशा दिल्या. त्याच्या बायकोने पाहिले, पण तक्रार केली नाही.

माझ्यापासून एक पायवाट निघते आणि माळाला वळसा घालून माझ्यापाशीच येते. पलटणीत निघालेला गडी माळ उजव्या हाताला ठेवून हा फेरा घाली. परतला की घरी जाण्याआधी पुन्हा तसाच. उलटा फेरा रणात पडलेल्यांचा, असे गाव मानी. खरे काय ते मी सांगणार नाही. भर दुपारी, वाटेवर कुणी नसताना, गवत उलट्या बाजूने दबत गेलेले मात्र मी पाहिले आहे.

जाताना मला तेल चोपडणारे हात परतल्यावर मला ओळखतही नसत. माणूस भीतीच्या मापाने उदार होतो, हे मी पक्के टिपून ठेवले आहे.

सन पंचेचाळीसच्या थंडीतली गोष्ट. ब्रह्मदेशात गेलेला मानसिंग बेपत्ता असल्याची तार येऊन बरेच दिवस झाले होते. त्याचे चुलते नाथाजी माझ्या पायाशी त्याच्या नावाचा दिवा लावू लागले. असा दिवा लागला की माणूस गेलेल्यांत जमा. मानसिंगची आई मनुबाई मागोमाग येऊन तो विझवी.

"वैनी, पोराला मोकळं करा आता," नाथाजी म्हणत.

"तुमी लावा, मी इजवते. तेल तुमचंच जातंय."

एका तिन्हीसांजेला दोघे असेच हुज्जत घालत असताना मलकापूरकडून धुक्यातून एक खाकी कोट आला. पायांना चिंध्या बांधलेल्या, पावलांचा आवाज नाही. माळ डाव्या हाताला ठेवून तो फेऱ्याला लागला.

"बोलू नगा, वैनी," नाथाजी पुटपुटले. "उलटा चाललाय."

तो थांबला. "आई."

पडलेल्याच्या हाकेला ओ दिली की आपणही त्याच्याच फेऱ्यात, हे मनुबाईला लहानपणापासून ठाऊक होते.

"वाटंतबी कुणी बोललं न्हाई," तो म्हणाला. "आई, मी हाय न्हवं?"

खालमानेने तो पुढे निघाला. तेव्हा मनुबाईने पदर खोचला आणि त्याचा दंड धरला.

"असशील तसा चल. मी हाय संगं."

दोघे उलट्या बाजूने धुक्यात गेले. नाथाजी तिथेच खिळून राहिले. दिवा लावायचेही त्यांना सुचेना.

फेरा पुरा करून ते आले. मानसिंग माझ्यावर रेलला. त्याचा तळहात ऊन होता, घामेजलेला.

"उलटा का रं आलास?" मनुबाईने आता विचारले.

"पायात गोळी हाय. सरळ बाजूचा खडा चढ सोसला नसता."

नाथाजींनी दिव्यातले तेल मातीत ओतले.

आता माझ्यावर घाणेरी माजली आहे. मित्रांनो, आलात तर ती उपटा. चुन्याने मिशा रंगवू नका. आणि वाटेत समोरून कुणी उलटा आलाच, तर आधी दोन शब्द बोला. पडलेल्यांतला निघाला तरी काय बिघडले? त्याच्याशीही फार दिवसांत कुणी बोललेले नसेल.