मोकळ्या रकान्यातली नावं

सांगवीच्या सारजाबाईची सून मनिषा दूध डेअरीत कॉम्प्युटरवर होती. सारजा हे गावभर अशा थाटात सांगायची, जणू तो कॉम्प्युटर तिच्याच गोठ्यात व्यालाय.

डेअरीचं सगळं काम कोबोल नावाच्या जुन्या भाषेत चालायचं. ती भाषा सारजाच्या लग्नाच्याही आधीची. त्यात प्रत्येक सभासदाची एक ओळ, ओळीत मापाचे रकाने. इतकी अक्षरं नावाला, इतकी गावाला, शेवटचा रकाना मोकळा. आता सभासदांना आपलं दूध मोबाईलवर बघायचं होतं आणि मोबाईलला लागायचं जेसन, म्हणजे प्रत्येक गोष्टीपुढं तिची पाटी. चेअरमन विजयसिंह म्हणाले, जुनं मोडीत काढू, पुण्याची कंपनी आणू. मनिषानं सोमवारपर्यंत मुदत मागितली, जुन्यालाच जेसन शिकवते म्हणाली. फसलं असतं तर जुन्याबरोबर तीही घरी बसली असती.

पोरीनं शिकवलं. ओळीतल्या झाडून सगळ्या रकान्यांना पाट्या लावल्या, मोकळ्या रकान्यालासुद्धा. तिथंच माती खाल्ली. डेअरीत एकाच नावाची माणसं ढिगानं. जुना कारकून गेणबा मोठा वात्रट. माणूस ओळखू यावा म्हणून त्यानं मोकळ्या रकान्यात टोपणनावं घालून ठेवली होती. जुना प्रोग्राम तो रकाना कुणाला दाखवतच नव्हता.

सोमवारी बारामतीपासून इंदापूरपर्यंत मोबाईल उघडले. दूध सगळ्यांचं बरोबर होतं. पण सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत नावाशेजारी टोपणनावंही उमटली होती: दादासो फुकटचहा, आबाजी रेडकू, आणि खुद्द विजयसिंह पाणीघाल्या. सारजानं आपलं बघितलं. सारजा कजाग. तिनं मेलेल्या गेणबाच्या सात पिढ्या काढल्या आणि ते आधी पूस म्हणून सुनेच्या मागं लागली.

तेवढ्यात चेअरमनची गाडी अंगणात आली. त्यांनी चहाला नको म्हटलं, तेव्हाच सारजानं ओळखलं.

"काकू, सुनबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणावं. पुण्याचं ठरलं."

सारजानं कुणाचं दूध चुकलं का ते विचारलं. तसं काहीच नव्हतं. मग ती पदर खोचून ओट्यावर बसली.

"आणा की पुण्याची पोरं. ती बी हेच रकाने उघडत्याली. पाणीघाल्या म्हंजी काय, आसं इचारत्याली. तुमी सांगताल, का मी येऊ सांगाया?"

विजयसिंहांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "चहा टाका."

चहा पिताना ठरलं. मनिषाच ऱ्हाणार, आणि मोबाईलवरची टोपणनावं झाकायची.

संध्याकाळी मनिषानं सगळ्यांची टोपणनावं झाकली. सासूचं झाकायला गेली, तर सारजानं तिचा हात धरला.

"माझं ऱ्हाऊ दे गं. आज त्येच कामाला आलं."

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत ती कॅन घेऊन उभी राहिली, तर पुढची माणसं आपसूक बाजूला झाली.