डावऱ्या हाताचा फ्राइड राइस

"हात थांबवू नकोस गं बाई. बघ, भात झोपायला लागला."

आईचा हा आवाज धाकटीच्या कानात लहानपणीच शिरला आणि तिथंच घर करून राहिला. आई कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये फ्राइड राइस करायची. खोलगट, काळाभोर लोखंडी वोक, खाली धगधगणारी शेगडी, आणि सुट्टीच्या दिवशी आईच्या शेजारी स्टुलावर उभी थोरली, हातात कालथा घेऊन. भात झोपतो म्हणजे काय, ते त्या तिघींनाच ठाऊक. कालथा क्षणभर थबकला, की दाणे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून तळाशी पसरतात, आणि एकदा का पसरले की उठायचं नाव घेत नाहीत.

पण आईचे ते शब्द धाकटीसाठी कधीच नव्हते. ती मागे बसून कांद्याची पात चिरत असायची. तिचा डावा हात चाले, आणि वोकभोवतीचं सगळं जग उजव्या हाताच्या बेतानं मांडलेलं. आई म्हणायची, डावरे, तू आपली चिर, तुझ्याइतकं बारीक कुणाला जमत नाही. कौतुकच होतं ते. धाकटी चिरायची. नजर मात्र पातीवर कमी आणि वोकवर जास्त, आणि बोट कापलं तरी ते आधी दुसऱ्या कुणाला तरी दिसायचं.

आई गेली आणि वोक थोरलीकडे आला. विचारायचा प्रश्नच नव्हता. थोरली ती थोरली. ती बस डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसायची, त्यामुळे काचेपलीकडच्या माणसाला ऐकू जावा असा आवाज तिनं कमावलेला. रविवारी दुपारी वोकपुढं उभी राहिली, की तो आवाज आणखी चढायचा. एका हातात कालथा, झाकण ढालीसारखं जवळ ठेवलेलं, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. पाणी आण, मीठ कुठाय, सरक बाजूला. घरच्यांना वाटे, काय हा रुबाब. एक मजला खाली राहणारी आणि पडदे शिवून देणारी धाकटी दर रविवारी वर यायची, भाज्या चिरायची, वाट्या भरून मांडायची, आणि वोक एकदा तरी आपल्या हाती यावा ही इच्छा पातीच्या देठांबरोबर केरात टाकून परत जायची.

मग तीन आठवड्यांपूर्वी थोरली डेपोच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लॅस्टर. तीन रविवार कोरडे गेले. मधल्या एका रविवारी भाऊजींनी, थोरलीच्या नवऱ्यानं, कंबर कसली. ते मोजणीदार, उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. त्यांनी तेल मापलं, मीठ मापलं, भाज्यांचे तुकडे पट्टी लावल्यासारखे एकसारखे केले, आणि भात ताजा, वाफाळता, एका दमात वोकमध्ये ओतला. जे झालं त्याच्या विटा पाडता आल्या असत्या. थोरलीनं तसं बोलूनही दाखवलं. भाऊजी म्हणाले, निदान चारही कोपरे काटकोनात आहेत.

चौथ्या रविवारी भाची होस्टेलवरून एका दिवसासाठी घरी येणार होती. तिनं फोनवर सांगून टाकलं की तिला फ्राइड राइसच हवा, आणि आईचा हात चालत नसेल तर मावशीनं करावा. फोन स्पीकरवर होता. मग थोरली म्हणाली, "बघू." त्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता, पण या वेळी तिनं तो शब्द पुढं रेटला नाही, आणि धाकटीनं ती फट बघून पाय आत घातला.

त्या आठवड्यात तिच्या घरात एक वेगळाच खेळ चालला होता. पडद्यांच्या कापडाचे उरलेले पांढरे तुकडे बारीक कातरायचे, तव्यात घ्यायचे, आणि चूल न पेटवता डाव्या हातानं परतायचे. पांढऱ्या कापडाचे दाणे वर उडत, खाली येत, अर्धे फरशीवर पडत. ती ते वेचायची आणि पुन्हा परतायची. मोजमाप द्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं दारातून ते पाहिलं, आणि काही न विचारता चहाला नको म्हणून गेलं.

शनिवारी संध्याकाळी तिनं भात केला. दाणा शिजेल पण मोडणार नाही इतपतच. ताटात पसरला, बोटांनी मोकळा केला, गार होऊ दिला आणि फ्रिजमध्ये ठेवला. रविवारी सकाळी ताट काढलं तर प्रत्येक दाणा आपापल्या जागी, आपापल्या तोऱ्यात. तिनं ताट हलवलं तेव्हा तो भात वाळूसारखा सळसळला.

दुपारी ती थोरलीच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. भाची ओट्याला टेकून, भाऊजी खिडकीपाशी, थोरली दारातल्या खुर्चीवर, प्लॅस्टरचा हात मांडीवर तान्ह्या बाळासारखा घेऊन. वाट्या मांडून झाल्या होत्या: तेल, लसूण, फेटलेली अंडी, गाजर-फरसबी, भात, सोया सॉस, पात. वोक तापला, धुरावला. तेल गेलं. आणि थोरलीची तिकिटांची खिडकी उघडली. आच वाढव, लसूण टाक, उजवीकडून ढकल, अगं उजवीकडून.

धाकटीच्या डाव्या हातात कालथा, उजव्या हातात वोकचा दांडा, आणि वाट्या उजवीकडे. लसूण घ्यायला दांडा सोडावा लागला. दांडा सोडला तर वोक डुगडुगला. तो सावरेतो लसूण काळा पडला. अंड्यासाठी आचेवरून हात आडवा घातला, तर बाहीचं टोक जळता जळता वाचलं आणि अंडं तळाला बसलं. अर्धा भात टाकला, आईची रीतच ती, वोकच्या पोटात निम्म्याहून जास्त घालायचं नाही, दोन खेपा करायच्या. पण उजवीकडून ढकल हे ऐकून डावा हात गोंधळला. थोडा भात ओट्यावर गेला, आणि उरलेला झोपला. चांगला घोरायला लागला.

धूर झाला. भाऊजींनी खिडकी उघडली आणि विचारलं, मोजायची फीत आणू का, यालाही कोपरे दिसतायत. भाची हसली, मग मावशीचा चेहरा बघून थांबली.

थोरली म्हणाली, राहू दे, सगळ्यांना सगळं येतंच असं नाही. मायेनं म्हणाली, तेच जास्त लागलं. धाकटीनं शेगडी बंद केली. पुढचं तिला दिसत होतं: ही खेप फेकायची, सुरी-पाट धुऊन ठेवायचा, पंधरा दिवसांत प्लॅस्टर निघणार, आणि मग आपण आहोत आणि कांद्याची पात आहे, हातपाय चालतायत तोवर.

ती वाट्या उचलायला गेली, आणि तिचा हात तिथंच राहिला. या वाट्या मांडल्या कुणी? तिनंच. पंचवीस वर्षं दर रविवारी मांडल्या तशाच, न बघता, शेगडीच्या उजवीकडे, ताईच्या हाताला येतील अशा. स्वतःसाठी स्वयंपाक करायला निघाली होती आणि ओटा ताईसाठी सजवून बसली होती. तिला स्वतःचंच हसू आलं. पडदे कापायला डाव्या हाताची कात्री मागवायची अक्कल तिला होती, आणि इथं सात वाट्या ओट्याच्या या टोकावरून त्या टोकाला न्यायचं सुचलं नव्हतं.

तिनं वोक घासून काढला आणि वाट्या एकेक करून डावीकडे नेल्या. डावीकडे भांड्यांची जाळी होती. ती उचलून तिनं भाऊजींच्या हातात दिली.

"ही मी कुठं ठेवू?"

"कुठंच नाही. धरून उभे राहा."

मग ती दाराकडे वळली. "आणि ताई, तू आता पाच मिनिटं गप्प बस."

थोरलीला असं आजवर डेपोतल्या साहेबानंही सांगितलं नव्हतं.

आच पेटली. तेल गेलं, तेलामागून लसूण, आणि लसणाचा वास घरभर पावलं न वाजवता फिरून आला. अंडं फुललं, तुटलं, पिवळ्या पाकळ्या झाल्या. गाजर गेलं, फरसबी गेली, वोक कुरकुरला, मग रंगात आला. उजवा हात दांड्यावर, ठाम. डावा हात कालथ्याकडून वाटीकडे, वाटीकडून कालथ्याकडे, ओळखीच्या वाटेनं जावा तसा. भात पडला आणि तिनं त्याला टेकू दिलंच नाही. खालचा वर, वरचा खाली, दाण्यामागं दाणा उडत राहिला. कडेनं सॉस सोडला, तो चर्र झाला, पांढरा भात सोनेरी झाला, शेवटी मूठभर पात. धाकटीच्या कपाळावर घाम होता, गालावर भाताचा एक दाणा चिकटलेला, आणि ती गुणगुणत होती. काय, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पहिल्या ताटल्या भरल्या तेव्हा भाऊजींनी अदबीनं विचारलं, की जाळी खाली ठेवायची परवानगी आहे का. मग नुसते चमचे वाजत होते. थोरली डाव्या हातानं खात होती, निम्मं सांडत होती, आणि कुणी भरवायला आलं तर गुरकावत होती. भाचीनं दोनदा घेतलं, मग वोकच घेऊन बसली आणि तळाचे कुरकुरीत दाणे खरवडून खाल्ले.

जेवणं झाल्यावर धाकटीनं वोक गरम पाण्यानं धुतला, आचेवर कोरडा केला, तेलाचं बोट फिरवलं आणि खिळ्याला टांगला. खूप वेळ लावून टांगला. पाठमोरी राहूनच म्हणाली, पंधरा दिवसांनी प्लॅस्टर निघेल, मग तुझं तू बघ, मी आहेच चिरायला.

थोरलीची पाच मिनिटं तर केव्हाच संपली होती. मग तिनं भाचीला बाहेर पिटाळलं, भाऊजींना तिच्यामागं पाठवलं, आणि डेपोत कुणी कधी ऐकला नसेल अशा हळू आवाजात म्हणाली,

"डावरे, काढ तो खिळ्यावरून. खाली घेऊन जा."

"अगं, पण आईनं तुला..."

"मला आगीची भीती वाटते. आईनं स्टुलावर उभं केलं त्या दिवसापासून. दर रविवारी म्हणून तर एवढी ओरडते मी. थोरली म्हटल्यावर सांगणार कुणाला? मला चिरायला बसायचं होतं गं."