मांडीचे तुकडे कुठं गेले?

इस्त्रीवालीच्या शेगडीवर पातेलं रटरटत होतं. काटेसाहेब आपले कपडे घ्यायला आले आणि त्यांची नजर नेमकी त्या पातेल्यात गेली. पाहतात तर काय, नुसती हाडं! वर चरबीचा जाड तवंग.

"हे कालचं कुर्बानीचं पाकीट?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब, तुमच्याच संस्थेचं. रस्सा चांगला होतो," ती घाईघाईनं म्हणाली. मग आत खाटेवर बसलेल्या सासऱ्याकडे बघत हळूच पुटपुटली, "मामंजींना दात नाहीत, म्हणून जास्त वेळ शिजवतेय, इतकंच."

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली, म्हणून लोक त्यांना काटेसाहेब म्हणत. निम्मे लोक तराजूच्या काट्यावरून म्हणत आणि निम्मे पायात रुततो त्या काट्यावरून! निवृत्त झाल्यावर ते वस्तीतल्या संस्थेत जाऊ लागले. बकरी ईदला, कुर्बानीच्या तीन दिवसांत, साहेबांसारख्या दात्यांचा घरचा वाटा त्यांना देऊन उरलेलं मांस ही संस्था गरीब घरांत वाटायची. प्रत्येक पाकीट दीड किलोचं, आणि ते वजन साहेब स्वतः तपासत.

आता मात्र त्यांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. वजन बरोबर होतं, मग मांस गेलं कुठं? आधी संशय इस्त्रीवालीवरच आला. चांगले तुकडे हिनं विकले तर नसतील? पण पलीकडच्या रखवालदाराच्या घरी डोकावले, तर तिथंही तीच गत. मोलकरीण मावशीकडेही हाडं, चिवट पडदे आणि चरबी. तिघं काही एकाच वेळी विकायला गेले नसतील!

दुपारी घरी जेवताना बायकोनं त्यांच्या ताटात मऊ मऊ तुकडे वाढले. "यंदा वाटा फार छान आलाय हो. एक हाड नाही."

"हूं," साहेब म्हणाले. डोकं दुसरीकडेच होतं. घास गिळता गिळता त्यांना चोर सापडला. खाटीकदादा! सुरा त्याच्या हातात, ठोकळा त्याचा. मांड्या तोच बाजूला काढत असणार!

साहेब हात धुऊन तडक संस्थेच्या अध्यक्षीणबाईंकडे गेले. "उद्यापासून दुसरा खाटीक बघा," त्यांनी सांगून टाकलं. बाई चरकल्या. "साहेब, अकरा वर्षं काम करतोय तो. एकदा विचारून तरी बघू."

दोघं मांस कापायच्या शेडमध्ये पोहोचले. पाणी मारलेल्या फरशीवर बर्फाच्या लाद्या, लांब टेबलावर पाकिटांच्या रांगा, दहाबारा माणसं कामात. साहेबांनी सगळ्यांदेखत आवाज चढवला, "दादा, तुझी पिशवी उघड!"

सुरे थांबले. खाटीकदादानं एप्रनला हात पुसले, कोपऱ्यातली पिशवी आणली आणि टेबलावर उलटी केली. बरगड्या, नळ्या, चरबी. इस्त्रीवालीच्या पातेल्यात होतं तसंच!

"मग मांड्या कुठं आहेत?" साहेबांचा आवाज जरा खाली आला.

"या माझ्याबरोबर."

मागच्या भिंतीवर ओळीनं खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला भरलेली पिशवी. दादानं तिसऱ्या पिशवीवर बोट ठेवलं. "ही कुणाची, ओळखता?"

निळी, चेनवाली पिशवी. साहेबांच्याच घरची! आजचा वाटा त्यांचा भाचा येऊन नेणार होता.

"मी... मी कधी काही मागितलं नाही."

"मागितलं नाहीत, साहेब. पिशवी देताना एवढंच म्हणालात, 'आमच्याकडे जरा लक्ष असू दे.' बाई म्हणाल्या, 'पाहुणे आहेत, जरा बघून दे.' खजिनदार म्हणाले, 'आईला हाडं चालत नाहीत.' सगळ्यांचं 'जरा'च होतं. पण एका जनावराला मांड्या किती? त्या इथं टांगल्या गेल्या, की पाकिटात काय भरू? हाडं काही मी घरून आणत नाही! तुमच्या वाट्याचं वजन एक तोळाही जास्त नाही. पण देवाच्या नावानं कापलेल्या जनावरात निवड कोण करतंय, ते बघा. आपण निवडून घेतो आणि उरलेलं देऊन त्याला दान म्हणतो."

"मग तू बोलला का नाहीस?" बाईंनी विचारलं.

"चुकलंच माझं. पुढच्या वर्षी काम मिळेल की नाही, ही भीती होती. आज तर जातच होतं ते!"

साहेबांचे कान तापले. इस्त्रीवालीवर आणि या भल्या माणसावर त्यांनी संशय घेतला होता. आणि दुपारी स्वतः काय चघळत होते?

त्यांनी निळी पिशवी खिळ्यावरून काढली आणि ठोकळ्यावर रिकामी केली. "दादा, मला माफ कर. सगळ्यांसमोर आरोप केला, सगळ्यांसमोर माफी मागतो. हे सगळं एकत्र मिसळ."

"साहेब, माझे पाहुणे..." बाई बोलता बोलता थांबल्या, आणि त्यांनीही आपली पिशवी काढली. खजिनदार मात्र बराच वेळ खिळ्यापाशी घुटमळले. शेवटी त्यांचीही पिशवी उतरली. भरून ठेवलेली पाकिटं पुन्हा फोडली गेली, आणि दाता असो, कार्यकर्ता असो की खाटीक, प्रत्येकानं त्याच ढिगातलं बंद पाकीट न बघता उचलायचं, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी वाटप झाल्यावर साहेब घरी आले. बायकोनं पाकीट उघडलं. "अगंबाई! हे काय आणलंत? निम्मी हाडंच आहेत की!"

"निम्मं मांसही आहे ना? आज सगळ्या वस्तीत असंच गेलंय."

बायको पातेलं काढायला वळली. "मग शिजायला वेळ लागेल. बसा तोवर."

मंडळी, गरिबाच्या हातात काय पडलं, यावर आपण बारीक नजर ठेवतो. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी आपण स्वतःसाठी काय उचललं, तिकडे बघत नाही. संशय घ्यायचाच असेल, तर पहिला आपल्या 'जरा'वर घ्या. जे आपण आपल्या घरी आनंदानं शिजवू, तेच दुसऱ्याच्या दारी पोहोचवावं. त्यालाच वाटा म्हणतात!