बाल्कनीतला फोन

आर्गिरीसने शेवटची सोंगटी अशी आपटली की पांदेलीसची कॉफी बशीत सांडली.

"हरलात, बार्बा! घ्या पेटी काखेत!"

"गप रे. तुझे फासेच लबाड आहेत," पांदेलीस म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला इथे 'बार्बा', म्हणजे काका, म्हणायचे, आणि सोंगट्यांत हरणाऱ्याने पेटी काखेत मारायची ही जुनी रीत.

नव्या वर्षाचा पहिला दिवस. चर्च नुकतंच सुटलेलं. दारादारांत शकुनासाठी फोडलेल्या डाळिंबांचे दाणे फरशीला चिकटले होते आणि आर्गिरीसच्या कॉफीच्या दुकानाबाहेर एकही खुर्ची रिकामी नव्हती. दुकानाच्या बरोबर वर पांदेलीसची बाल्कनी. तिथे लमारा चादरी वाळत घालत होती आणि खांद्याला फोन दाबून तिच्या जॉर्जियन भाषेत बोलत होती. पांदेलीसची बायको गेल्यावर जर्मनीतल्या मुलाने या बाईला बापाच्या देखभालीला ठेवलं होतं.

"ऐकलंत?" आर्गिरीस पुढे वाकून कुजबुजला. लोकांच्या घरात काडी टाकायला त्याला फार आवडायचं. "तुमचं नाव आलं. हे बघा, परत आलं."

"कान आहेत मला."

"आहेत की! पण आत काय जातंय? ती वर उभी राहून तुमचं घर विकेल, आणि तुम्ही खाली बसून माझी कॉफी प्याल."

पांदेलीसने वर बघितलं. आयुष्यभर त्याने थेसालोनिकीच्या रस्त्यांवर बस चालवली होती, आणि रस्त्यापेक्षा आरशातच जास्त पाहिलं होतं. कोण तिकीट न काढता मागे सरकतोय, कुणाचा हात कुणाच्या पिशवीत जातोय. नोकरी संपली, बस गेली, पण तो आरसा डोक्यात तसाच राहिला.

"वर्षभरात शिकतो तिची भाषा," तो म्हणाला.

सगळं दुकान खो खो हसलं.

"तुम्ही? बार्बा, जर्मन सून घरात आली त्याला किती वर्षं झाली? अजून तिच्याशी 'गुटन टाग'च्या पुढे तुमची गाडी गेलेली नाही."

"ती माझं घर विकत नाहीये."

तिथल्या तिथे पैज लागली. पुढच्या वर्षी याच दिवशी, याच टेबलावर, लमारा वर फोनवर काय बोलली ते पांदेलीसने सांगायचं. खरं-खोटं ठरवायला बेकरीतली एतेरी, तीही लमाराच्याच देशातली. जो हरेल त्याने सोंगट्यांची पेटी काखेत मारून सगळ्या चौकाला फेरी घालायची, चर्चमधून बाहेर पडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर.

"आणि तू हरलास तर?"

"तर मी. एप्रनसकट!"

दुसऱ्याच दिवशी पांदेलीस बेकरीत गेला. गल्ल्यावरच्या संत निकोलसच्या तसबिरीवर एतेरीला हात ठेवायला लावला: लमाराला यातलं काही कळता कामा नये. मग रोज सकाळी पावाबरोबर थोडे शब्द.

"कुठून सुरुवात करू, काका?" एतेरीने विचारलं.

"घर. किल्ली. विकणे. म्हातारा. मेला."

"आधी 'कृपया' शिका की."

"ते नंतर बघू."

वसंत ऋतू गेला तरी हाती काही लागलं नाही. लमारा स्वयंपाकघराचं दार लावून फोनवर बहिणीशी बोलायची. हा बाहेर चपला काढून, दाराला कान लावून उभा. आतून शब्द नुसते गारांसारखे आदळायचे. त्याने घराची कागदपत्रं पिठाच्या डब्यामागे लपवली. आठवड्याभराने ती परत कपाटाच्या खणात, पीठ झटकून, नीट ठेवलेली. ती एका शब्दाने काही बोलली नाही. पांदेलीसचा संशय बळावला. सगळं माहीत असल्याशिवाय बाईमाणूस इतकं गप्प बसत नाही.

मग उन्हाळ्यात एके दिवशी एकदम कान उघडले.

"आज चांगली वांगी मिळाली," लमारा फोनवर म्हणत होती, आणि बाहेर उभ्या असलेल्या पांदेलीसला ते कळलं! वांगी! त्या दिवशी त्याने आर्गिरीसला फुकट कॉफी पाजायला लावली. "सगळं कळतं मला," तो म्हणाला. "या वयात! डोकं लागतं त्याला."

आता ती दारही उघडं ठेवायला लागली. हे मात्र त्याला खटकलं. ज्याच्या पोटात पाप आहे त्याने दार लावावं की नाही? ही उघडं टाकते, म्हणजे आता तिला कुणाची भीती उरली नाही. आणि बोलणंही कसलं? "पांदेलीसने गोळी घेतली नाही." "खिडकीत गार वारा येतो, त्याने स्वेटर घालायला हवा." कुठली बहीण कुठल्या बहिणीला परक्या म्हाताऱ्याच्या स्वेटरबद्दल सांगते? हा नक्की काहीतरी संकेत असणार. स्वेटर म्हणजे घर. गोळी म्हणजे वकील. अर्थात, वारा खरोखरच गार होता म्हणून त्याने स्वेटर चढवला. लमाराने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि वाटाणे सोलत राहिली.

डिसेंबरात फोनवर नवे शब्द आले. वसंत. मुलगी. जाणं. ती इतकं म्हणायची आणि थांबायची. पांदेलीसने ते तीन शब्द उशाखाली घेऊन रात्री काढल्या. घर विकण्याचं त्याच्या डोक्यातून कधी गेलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आता दुसरंच डोक्यात बसलं होतं: ही जाणार. न सांगता जाणार.

नव्या वर्षाच्या सकाळी त्याने रीतीप्रमाणे एकेकाच्या नावाने केक कापला. हा ख्रिस्ताचा तुकडा, हा घराचा, हा मुलाचा, हा माझा. सुरी थांबली.

"माझा नाही का?" लमाराने विचारलं.

"कापतोय ना," तो खेकसला आणि नेहमीपेक्षा मोठा तुकडा कापला.

खाली दुकानात आर्गिरीसने खुर्च्या आधीच बाल्कनीकडे तोंड करून मांडल्या होत्या. पांदेलीसची खुर्ची मात्र दुकानाच्या काचेकडे. काचेत वरची बाल्कनी स्वच्छ दिसत होती, बसच्या आरशात दिसायचं तसं. चौकापलीकडून एतेरी पिठीसाखरेत घोळलेल्या बिस्किटांचा डबा घेऊन आली. वरून लमाराने तिला हाक मारली. दोघींचं वर-खाली काहीतरी बोलणं झालं, हसणं झालं, एवढंच.

पांदेलीस खुर्चीत ताठ झाला. त्याला एक शब्दही कळला नव्हता. त्याच जुन्या गारा.

"काय बोललात?" त्याने हळूच विचारलं.

"अहो, शुभेच्छा दिल्या," एतेरी म्हणाली आणि घाईघाईने डब्याचं झाकण काढू लागली.

"चूप! चूप! फोन घेतला तिने!" आर्गिरीस ओरडला.

लमारा कठड्याशी आली. बोलू लागली. हळू. एक शब्द, मग दुसरा, मधे श्वास.

"ताई. माझ्या मुलीला वसंतात बाळ होणार आहे. मला जायचंय. पांदेलीसला कसं सांगू? मी परत येईन. चेरी पिकायच्या आत येईन. पण त्याने माझी जागा दुसरीला दिली तर? चांगला माणूस आहे. संशयी आहे, पण चांगला आहे."

ताईला उत्तर द्यायला तिने कुठे जागाच सोडली नव्हती. पांदेलीसने काचेत बघितलं. फोन कानाला होता, पण डोळे खाली, थेट त्याच्या टोपीवर होते. त्याला ती वांगी आठवली. उघडं दार आठवलं. स्वेटर. सबंध उन्हाळाभर तो स्वतःच्या डोक्याची आरती ओवाळत होता, आणि ही बाई रोज त्याच्यासाठी घास लहान लहान करून देत होती.

"बोला, बार्बा!" आर्गिरीसने टेबलावर थाप मारली. "काय म्हणाली ती?"

खुर्च्या पुढे सरकल्या. चर्चमधून बाहेर पडलेले लोकही थांबले होते. पांदेलीसने तोंड उघडलं. सगळं वाक्य न् वाक्य तिथे तयार होतं, आणि आर्गिरीस एप्रनसकट चौकात फिरताना कसा दिसेल तेही डोळ्यांपुढे होतं. त्याने तोंड मिटलं.

"काही कळलं नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही?"

"एक अक्षर नाही."

आर्गिरीसने डोळे बारीक केले. "थांबा, थांबा. उन्हाळ्यात माझी कॉफी प्यालात. सगळं कळतं म्हणालात."

"फुशारकी मारली."

"तुम्ही? आणि कबूल करताय? यात काहीतरी काळंबेरं आहे. एतेरी, तू सांग. काय म्हणाली ती?"

एतेरीने बोटांवरची साखर पुसली. पांदेलीसकडे बघितलं.

"कोबीचं लोणचं नासलं म्हणाली."

"एवढा वेळ? कोबी?"

"मोठा होता कोबी."

लोक फिदीफिदी हसले. कुणीतरी सोंगट्यांची पेटी बंद करून पुढे सरकवली. पांदेलीसने ती उचलली, काखेत मारली आणि उठला. पण चौकाकडे वळायच्या आधी तो बाल्कनीखाली गेला आणि मान वर केली. टोपी पडू नये म्हणून एका हाताने धरली.

मग तिच्या भाषेत, पहिलीतल्या पोराशी बोलावं तसं हळूहळू, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला:

"जा. बाळ बघ. चेरी पिकायच्या आत ये. जागा तुझी आहे. येताना पहिलीचं पुस्तक आण, कृपया. मला अक्षरं शिकायची आहेत."

चौकात एतेरीखेरीज कुणाला काही कळलंच नव्हतं.

लमाराने फोन कानावरून खाली घेतला. मग एकदम बोलत सुटली, भराभर, हुंदका आणि हसू एकत्र, हळू बोलायचं साफ विसरून. एतेरी डब्यात तोंड घालून डोळे पुसायला लागली.

"काय म्हणाली ती?" आर्गिरीस पांदेलीसच्या मागे धावला. "बार्बा! आता काय म्हणाली?"

पांदेलीसला यातलं खरोखरच एक अक्षर कळलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी सांगतो," तो म्हणाला, आणि काखेतली पेटी सावरून, टेबलांवर चमचे बडवणाऱ्या लोकांमधून ताठ मानेने फेरीला निघाला.