रांगेतली सात पानं

शिंपीकाकांनी आतापर्यंत तीन कॉम्प्युटरवाले घरातून हाकलून दिले होते. पहिला म्हणाला, "हा प्रिंटर भंगारात द्या, नवा घ्या." दुसऱ्याने नुसतं प्रिंटरकडे बघून तोंड वाकडं केलं, तेवढं काकांना पुरलं. तिसऱ्याने तर न विचारता माऊस हातात घेतला आणि म्हणाला, "आधी ही अडकलेली कामं पुसून टाकू, मग बघू." त्यावर काका असे ओरडले की जिन्यातून जाणारे शेजारी जागच्या जागी थांबले. राग तसाही त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, पण हे ओरडणं वेगळं होतं.

चौथी एक बाई आली. पन्नाशीची, खांद्याला पिशवी, बोलणं मोजकं. खुर्चीत बसायच्या आधी तिने विचारलं, "काका, काय पुसायचं नाही तेवढं आधी सांगा."

काकांना एकदम बरं वाटलं. "ती सात," ते म्हणाले. "रांगेत थांबलेली सात पानं. बाकी त्या डब्यातलं सगळं जाळा, मला काही नको. ती सात माझ्या बायकोची आहेत. तिला जाऊन चार महिने झाले."

आता हे सगळं नीट सांगायला हवं. काकू टेलिफोन खात्यात होत्या, बत्तीस वर्षं. बोलण्यावरच पगार, आणि घरी आल्यावरही तोंडाचा पट्टा बंद नाही. काका मशीनवर शिवत बसायचे, त्या बोलत बसायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. इशारे करायच्या, चिठ्ठ्या लिहायच्या, पण हात थरथरायचा आणि इकडे काकांचे डोळे जन्मभर सुईत दोरा ओवून ओवून कामातून गेलेले. पडद्याकडे बघितलं की त्यांना नुसता पांढरा उजेड दिसायचा. कागदावरचं मोठं, काळंभोर अक्षर तेवढं भिंगातून वाचता यायचं.

म्हणून लेकीने आपला जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर आणून काकूंच्या पलंगाशेजारी मांडला. काकू पडल्या पडल्या मांडीवर कीबोर्ड घेऊन टाइप करायच्या, प्रिंटर खडखडायचा, काका पान उचलून वाचायचे. "भाजीत मीठ विसरलात." "तो शर्ट तीन दिवस घालताय, लाज वाटू द्या." एका पानावर एक वाक्य, आणि अक्षर एवढं मोठं की शेजारणीने दारातूनच वाचावं. काका सगळ्यांना सांगायचे, "लोकांच्या बायका नुसत्या ओरडतात. आमच्याकडे छापील येतं."

पण तो प्रिंटर! आज चालेल, उद्या नाही. कॉम्प्युटर मधूनच त्याला ओळखेनासा व्हायचा. मग काका टेबलाखाली शिरायचे, वायर एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घालायचे, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शिवणाच्या मशीनने दोरा तोडला की ते सुई बदलून बघायचे, तीच पद्धत त्यांनी इथे लावली. कधी जमायचं, कधी नाकी नऊ यायचे.

शेवटच्या दिवशीही तसंच झालं. दुपारची वेळ. काकूंनी काहीतरी टाइप केलं, बटण दाबलं, प्रिंटर ढिम्म. काका म्हणाले, "थांब, आत्ता करतो," आणि टेबलाखाली गेले. वर काकूंची बटणं वाजत होती. मग त्या कीबोर्डवर बोटाचं पेर आपटायला लागल्या, टक टक, टक टक. काकांना वाटलं, घाई करतेय. "अगं हो, करतोय ना! दोन हात आहेत मला, दहा नाहीत!" ते खालूनच ओरडले. थोड्या वेळाने टकटक थांबली. कंटाळून झोपली असेल, असं काकांना वाटलं आणि त्यांना जरा सुटल्यासारखंच झालं. सगळे पोर्ट घालून काढून झाले, गुडघे भरून आले, तासाभराने ते टेबलाला धरून उठले. तेव्हा काकू गेलेल्या होत्या.

धावत आलेल्या लेकीने त्या गडबडीत कॉम्प्युटर बंद केला. लिहिलेलं जपून ठेवायचं कोणाच्या डोक्यात येणार? ते गेलं. आठवड्याने तिने पुन्हा चालू केला तेव्हा पडद्यावर कोपऱ्यात आलं, सात पानं छपाईच्या रांगेत आहेत. म्हणजे शब्द गेले नव्हते. आत कुठेतरी थांबून होते. तेव्हापासून काकांचा जीव टांगणीला लागला होता. काय असेल? निरोप असेल? लेकीसाठी काही? आपल्या रागाबद्दल काही? एवढं मात्र ते सगळ्यांना छाती पुढे काढून सांगायचे की, "मी शेवटच्या मिनिटापर्यंत तिच्यासाठी खटपट करत होतो."

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने प्रिंटरच्या मागची वायर हलवून बघितली आणि म्हणाली, "काका, पोर्ट चांगले होते. ही वायरच आतून तुटत आलीय. जरा हलली की प्रिंटर गायब." तिने पिशवीतून आखूड, नवी वायर काढली.

"मग मी उगाच सगळ्या पोर्टमधून फिरवत होतो?"

"नुसतं उगाच नाही, उलट गोंधळ वाढवत होतात." बाईने पडद्याकडे बोट केलं, मग काकांचे डोळे आठवून तोंडानेच सांगितलं. "ह्या जुन्या प्रिंटरला स्वतःचा असा नंबर नसतो. वेगळ्या पोर्टमध्ये घातला की कॉम्प्युटरला वाटतं, नवाच कोणी आला. इथे एकाच प्रिंटरची चार नावं झालीत. काकूंची सात पानं पहिल्या नावाच्या रांगेत आहेत. जुना पोर्ट सापडला की ती निघतील."

"आणि पुसली तर?"

"पुसली तर संपलं. म्हणून हात लावत नाही."

पुढच्या बाजूचा पोर्ट, काही नाही. शेजारचा, काही नाही. बाई टेबलाखाली वाकून मागच्या पोर्टमध्ये एकेक करून वायर घालत होती, आणि काका रिकाम्या पलंगाच्या कडेला हातात भिंग घेऊन बसले होते. एकदा तर त्यांना वाटलं, नकोच, निघूच नयेत, अजून काहीतरी यायचं बाकी आहे एवढं तरी राहील. सगळ्यात खालच्या पोर्टमध्ये वायर गेली आणि प्रिंटरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला.

पानं एकामागून एक आली. बाई बाजूला झाली. काकांनी पहिलं पान डोळ्यांजवळ धरलं.

"उशी जरा वर करा."

त्यांना हसू आलं. एवढंच होय! चार महिने मी काय काय विचार केले आणि हिची उशी! त्यांनी दुसरं घेतलं.

"उशी राहू द्या. उठा तिथून, गुडघे दुखतील."

"अहो, तो प्रिंटर सोडा. इकडे या."

"मला बरं वाटत नाही. इकडे या."

पाचव्या पानावर "हात द्या" एवढंच होतं. सहाव्यावर "हात". सातव्यावर नुसतं "या", आणि त्याच्यापुढे एकच अक्षर पानभर उमटलं होतं, बोट बटणावरून पटकन उचलायला जमलं नसल्यासारखं.

काकांनी पानं पुन्हा लावली, पहिल्यापासून वाचली. तिसऱ्या पानावर ते थांबले आणि मोठ्याने रडले. बाईला काय करावं कळेना. ती पाणी आणायला आत गेली, कपाट उघडून पेला शोधला, पेला घेऊन आली तरी ते रडतच होते. त्यांचा हात पलंगावरच्या चादरीवर चाचपत होता, जिथे काकूंचा हात असायचा तिथे.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं कळणार होतं?"

"वर बघितलं असतं तर कळलं असतं," काका म्हणाले. "पेर आपटत होती ती. मी टेबलाखालून ओरडलो तिच्यावर. हातभर अंतरावर होतो हो मी. हातभर."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. आज चौथी कॉम्प्युटरवाली येणार हे तिला माहीत होतं, कामावरूनच केला होता तिने. "बाबा, जमलं का? निघाली का पानं?"

"निघाली."

"काय लिहिलंय आईने? बाबा? सांगा ना, काय म्हणाली ती?"

काकांनी सातही पानं मांडीवर सारखी केली. लेकीला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. कोणी पडताळून बघणार नव्हतं.

"मला जवळ बोलवत होती गं," ते म्हणाले. "सारखी बोलवत होती. मी गेलो नाही."