खिडकीची बाजू, दाराची बाजू

तळ्याकाठच्या त्या वसाहतीत नियमांची एक पाटी होती आणि एक बाई होती. पाटीकडे दुर्लक्ष केलं तरी खपून जायचं. बाईपुढे मात्र कुणाची टाप नव्हती. सगळे तिला कलमबाई म्हणत, अर्थात तोंडावर नाही. तळ्याच्या बाजूच्या गॅलरीत ओला टॉवेल दिसला की बाई दारात हजर. आवाज चढवायची नाही, भांडायची नाही. "नियम चौथा," एवढंच म्हणायची आणि टॉवेल आत जाईपर्यंत तिथेच उभी राहायची.

एका टॉवेलापायी एवढा जीव कशाला काढायचा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण खरं ते खरं सांगायला हवं. तो काठ आज उघडा आणि सगळ्यांचा राहिलाय तो या बाईच्या हट्टामुळेच. पूर्वी ज्याने त्याने आपापल्या घरासमोरचं पाणी आपल्या बापाचं असल्यासारखं वागवलं होतं. कुणी कुंपण पार पाण्यात नेलं, कुणी पायऱ्या बांधल्या, चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या शेजाऱ्याने, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणत, त्याने तर लाकडी धक्का ठोकून त्यावर आरामखुर्ची टाकली होती. फेरी मारायला निघालेल्या माणसाने जायचं कुठून? बाई कमिटीची सेक्रेटरी झाली आणि तिने नियम नववा आणला. झाडांची रांग आणि पाणी यांच्यामध्ये काहीही बांधायचं नाही. पायरी नाही, धक्का नाही, झोपाळा नाही, कठडा नाही. आणि काठ सगळ्यांच्या मालकीचा, म्हणून काठाचा नियम बदलायचा तर सगळ्यांनी हो म्हणायला हवं. एकाने जरी नाही म्हटलं तरी ठराव बारगळला.

हो-नाही सांगायची पद्धतही तिनेच घालून दिलेली. सभेच्या हॉलला एका अंगाला तळ्याकडच्या मोठ्या खिडक्या, दुसऱ्या अंगाला रस्त्याकडचं दार. हो म्हणणाऱ्याने खिडकीच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, नाही म्हणणाऱ्याने दाराच्या. हात वर करणं तिला मंजूर नव्हतं. लोक हात अर्धवट वर करतात आणि मग डोकं खाजवत होतो म्हणतात. पाय उचलून जायचं म्हटलं की माणूस विचार करून जातो, असं तिचं म्हणणं. सेक्रेटरीने फक्त मोजायचं, स्वतः कुठेच उभं राहायचं नाही.

अशा बाईवर आपलाच नियम बदलायची पाळी आली. कशी ते ऐका.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. उभा जन्म अंधाऱ्या बोळकांड्यांत, तेलकट तारांच्या सोबतीने काढला, म्हणून की काय, निवृत्त झाल्यावर त्याने तळ्याचा ध्यास घेतला. रोज सकाळी पोहायचा. त्याचं पोहणंही त्याच्यासारखंच, गडबड नाही, गाजावाजा नाही. एका सकाळी काठ हाताच्या अंतरावर आला असताना त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला आणि हा माणूस दगडासारखा खाली. चष्मेवाला नेमका फेरी मारत होता. त्याने बुटांसकट पाण्यात उडी घेतली आणि याला काखेत हात घालून ओढून काढलं.

जीव वाचला. हातापायात थोडी थोडी ताकद येऊ लागली. घरातल्या घरात, टेबलाला धरून, भिंतीला धरून तो दोन पावलं टाकायचा. बोलण्याचं मात्र अवघड झालं. शब्द यायचे, पण एकेक करून, मध्ये एवढी मोठी फट ठेवून, की समोरच्याचा धीर सुटावा. आणि कलमबाईकडे धीर सोडून बाकी सगळं होतं.

पुढेमागे पाण्यातला व्यायाम चांगला, असं दवाखान्यात कुणीतरी बोलून गेलं. झालं, बाईने तेवढंच उचललं. तळं हा त्यांचा जीव आहे, तळ्यात उतरले की ते पुन्हा पहिल्यासारखे होतील, असं तिने मनाशी पक्कं केलं. उतरायचं तर झाडांपासून पाण्यापर्यंत रॅम्प हवा, दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. आणि मध्ये तिचाच नियम नववा आडवा पडलेला.

कमिटीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. माणूस मऊ. ते स्वतः घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले की तुम्ही खुशाल बांधून घ्या, कोण बोलणार आहे, आम्ही तिकडे बघणारच नाही.

"तुम्ही आज बघणार नाही," बाई म्हणाली. "उद्या आपलं वाजलं की बघाल. मला डोळेझाक नको, डॉक्टर. मला नियम बदलून हवाय. सगळ्यांसाठी."

डॉक्टरांनी चहा संपवला. दुसऱ्याच्या तोंडात हात घालून जन्म गेला त्यांचा, पण या बाईपुढे त्यांचंच तोंड बंद व्हायचं.

मग बाई कामाला लागली. दारोदार फिरली. ज्या घरांत टॉवेलावरून गेली होती, त्याच घरांत आता विनंती घेऊन जायचं म्हणजे काही गंमत नव्हे. पण ती मान खाली घालून गेली नाही. ताठ गेली. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगितलं की तुम्हालाही उतरता येईल. बाबागाडीवाल्या पोरींना सांगितलं की तुम्हालाही सोयीचं. कुणी टोमणे मारले, ते ऐकून घेतले. एकीने तर विचारलं, मग आता माझा टॉवेल? "टॉवेल आतच," बाई म्हणाली आणि पुढच्या घराकडे वळली.

नवऱ्याला ती सगळं सांगायची, बरं का. लपवाछपवी नव्हती. जेवताना आज कोण हो म्हणालं, कोण अजून आढेवेढे घेतंय, याचा सगळा पाढा वाचायची. तो चमचा खाली ठेवायचा.

"मला... ते... पाणी..."

"हवंय. मला का ठाऊक नाही?" ती म्हणायची आणि त्याच्या हनुवटीवरचं शीत पुसायची. तो पुन्हा चमचा उचलायचा.

त्याला व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिने एकदा धीर करून सांगितलं की काकू, त्यांचं वाक्य त्यांना पुरं करू द्या, कितीही वेळ लागला तरी... "थांबायचं, हो हो, कळलं," बाई म्हणाली. म्हणजे त्या बिचारीचंही वाक्य हिनेच पुरं केलं. काय बोलायचं आता अशा बाईला?

शेवटी राहिला चष्मेवाला. त्याचा धक्का बाईने पाडायला लावला होता, आणि तेव्हापासून दोघांत जेवढ्यास तेवढं. नवऱ्याला वाचवलं म्हणून तिने त्याचे आभार मानले होते, मनापासून मानले होते, पण धक्क्याचा विषय तिने काढला नाही आणि त्यानेही नाही. ती त्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक होतं, म्हणून त्याने तिला बसवून ठेवलं. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्यापासून बारीकपर्यंत वाचून झाली तरी हा आपला फ्रेमचा स्क्रू पिळतोय.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने सरळच विषय काढला. तुमचा धक्का पाडला त्याचं मला वाईट वाटत नाही, आजही पाडायला लावीन, असं स्वच्छ सांगितलं. तो एकट्याचा होता, हा रॅम्प सगळ्यांचा आहे. तेव्हा राग असेल तर माझ्यावर काढा, रॅम्पवर नको.

चष्मेवाल्याने एक काच फडक्याने पुसली, उजेडात धरून बघितली.

"काकांना विचारलंत?" तो म्हणाला.

"त्यात विचारायचं काय? त्यांचा जीव आहे त्या पाण्यात."

"विचारा एकदा. काका जिथे उभे राहतील तिथे मी उभा राहीन."

म्हणजे झालंच की, असं बाईला वाटलं. काका दुसरीकडे कुठे उभे राहणार? ती घरी आली तेव्हा तिच्या पायांना जमीन लागत नव्हती. त्या दिवशी तिने नवऱ्याला गोड शिरा केला आणि सभा झाली की महिन्याभरात तुम्ही पाण्यात, असं सांगून टाकलं. त्याने शिरा खाल्ला नाही. तोंडाला चव नसेल, असं म्हणून तिने बशी झाकून ठेवली.

सभेच्या दिवशी ती हॉलवर सगळ्यांच्या आधी पोचली. नवऱ्याची खुर्ची तिने खिडकीपाशी ठेवली. वारा लागेल, असं म्हणाली, पण खरं कारण सगळ्यांना कळत होतं. ज्याला उठता येत नाही त्याने बसल्या जागेवरून मत दिलं तरी चालेल, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच जाहीर केलं. ठराव वाचून झाला. आता ज्याने त्याने आपली बाजू धरावी, असं डॉक्टर म्हणाले आणि खुर्च्या सरकल्या.

माणसं उठली आणि खिडकीकडे निघाली. गुडघेवाल्या म्हाताऱ्या निघाल्या, बाबागाड्या निघाल्या, टॉवेलवालीसुद्धा नाक मुरडत निघाली. दाराच्या बाजूला चिटपाखरू नाही. बाई मधोमध उभी राहून मोजत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी येऊ घातलं होतं. एवढी माणसं आपल्या बाजूने आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं.

चष्मेवाला मात्र जागचा हलला नाही. खिशात हात घालून मधेच उभा. बाईला राग आला. शब्द दिला होता ना या माणसाने? ती त्याला काही बोलणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तो तिच्याकडे बघत नाहीये. तो खिडकीकडे बघत होता.

तिचा नवरा उठत होता.

डावा हात खुर्चीच्या पाठीवर रेटून तो उभा राहिला. कुणीतरी पुढे झालं तर त्याने मान हलवून नको म्हटलं. मग त्याने खिडकीकडे पाठ केली आणि पाऊल टाकलं. हॉल लांबरुंद. धरायला मध्ये टेबल नाही, भिंत नाही. उजवा पाय फरशीवर घासत यायचा, डावा पुढे पडायचा. चष्मेवाला त्याच्या मागून चालू लागला, एक पाऊल अंतर ठेवून, हात पसरून, पण स्पर्श न करता. बाईच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं. तो तिच्याजवळून गेला, थांबला नाही. दारापर्यंत गेला, चौकटीला हात टेकला आणि वळून उभा राहिला. त्याच्या शेजारी चष्मेवाला.

डॉक्टर घाईने म्हणाले की काकांचा काहीतरी गोंधळ झालेला दिसतोय, आपण त्यांना पुन्हा समजावून सांगू. चार जणांनी माना डोलावल्या. बाईने फक्त हो म्हटलं असतं तर ठराव त्या क्षणी पास झाला असता. काकांना खिडकीकडचं धरलं की शब्दाप्रमाणे चष्मेवालाही तिकडचाच मोजला गेला असता, आणि नवऱ्याला हरकत बोलून दाखवायला सकाळची संध्याकाळ झाली असती.

तिने नवऱ्याकडे बघितलं. घामाने डबडबलेला, पाय लटलटतायत, पण नजर तिच्यावर रोखलेली. या माणसाचा कसलाही गोंधळ झालेला नव्हता. इतके दिवस तो हेच सांगत होता आणि ती त्याच्या तोंडचा शब्द काढून तिथे आपला घालत होती. तिला स्वतःची एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

"त्यांचा गोंधळ झालेला नाही," ती मोठ्याने म्हणाली. "विरोधात दोघे. ठराव नामंजूर."

माणसं पांगली. कुणी कुजबुजलं, कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवला. चष्मेवाल्याने काकांना दारापाशीच खुर्ची आणून दिली आणि तो निघून गेला. बाईने दुसरी खुर्ची ओढली, नवऱ्याच्या समोर ठेवली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"बोला," ती म्हणाली. "मी थांबते."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. तिच्या जिभेवर चार शब्द तयार होते, तिने ते दाताखाली धरले. कुलूप लावायला आलेला माणूस दारात डोकावला, तिने हातानेच त्याला थोपवलं.

"बुडालो... तेव्हा..." तो म्हणाला. "वर... कुठे... कळेना." मग बराच वेळ गेला. "डोळे... मिटले... की... तेच."

ती रडली. आवाज न करता, पण लपवलं नाही. त्याचा उजवा हात, जो अजून धड मिटत नव्हता, तो तिने दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली की चुकलंच माझं, आता रॅम्पचं नावही काढणार नाही, तळ्याकडे तोंडसुद्धा करायला लावणार नाही. पुन्हा सुटलीच होती गाडी. त्याने तो हात तिच्या हातांतून सोडवला आणि वर केला. ती गप्प झाली.

"भीती... आधी... जाऊ दे," तो म्हणाला. त्याचं अजून संपलेलं नव्हतं, हे तिला या वेळी कळलं आणि ती थांबली. बाहेर कुणाची तरी बाबागाडी खडखडत गेली. "पुढच्या... सभेला... रॅम्प... मी... मांडतो."

ठराव मांडणाऱ्याने तो स्वतःच्या तोंडाने, उभं राहून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा मांडायचा, हाही तिचाच नियम. डॉक्टरांना सांगून यातून त्याला सूट मिळाली असती. तिला तसं म्हणावंसं वाटलंही. पण आज तिने आधी विचारलं.

"उभं राहून?"

त्याचे ओठ जुळायला वेळ लागला.

"उभं... राहून," तो म्हणाला.