खिंचाऊबाबा आणि आखूड पाय

उत्तरेतल्या बख्शी का तालाब या गावच्या आमराईत त्या रविवारी तीनएकशे माणसं माना उंचावून एकाच गोष्टीकडे बघत होती, आणि ती गोष्ट म्हणजे वॉरंट ऑफिसर लक्ष्मीकांत सबनीसांचे पाय. हवाई दलातल्या सव्वीस वर्षांत त्या पायांना एवढा मान कधी मिळाला नव्हता.

सबनीस खुर्चीत बसलेले, पाय समोर ताठ, दोन्ही टाचा खिंचाऊबाबांच्या तळहातांवर. सबनीस बूट काढायला लागले तेव्हा बाबा खेकसले होते, "ख़बरदार! जूता उतरा, तो शक्ति ज़मीन में उतर जाएगी!"

आता ते गर्दीकडे वळले. "देखो भक्तो! बाईं टाँग दो उंगल छोटी! घुटने में शनि महाराज पालथी मारकर बैठे हैं. कमर क्यों न दुखे?"

आणि खरंच, डावा बूट उजव्याच्या दोन बोटं मागे होता. सव्वीस वर्षं आपण आखूड पायावर परेड केली, या विचाराने सबनीसांना घाम फुटला.

"खिंच! खिंच! खिंच!" बाबा गरजले, आणि दोन्ही बूट एका रेषेत आले.

चार महिने कमरेने हैराण झालेले सबनीस टुणकन उठले आणि चक्क वाकून बायकोची पिशवी त्यांनी उचलली. पद्मिनीबाईंना रडूच फुटलं.

तिसऱ्या दिवशी कमर पुन्हा धरली, आणि सबनीस पुन्हा बाबांकडे गेले.

"अरबी खाई थी?" बाबांनी अळकुड्यांवर संशय घेत विचारलं.

"थोड़ी-सी..."

"टाँग फिर सिकुड़ गई! अब चालीस दिन झुकना मना."

सबनीस खांबासारखे वावरू लागले. बुटांच्या नाड्या पद्मिनीबाई बांधायच्या. खाली पडलेलं पेन ते पोळ्यांच्या चिमट्याने उचलायचे. दुखणं मात्र वाढतच गेलं. महिन्याभरात वैद्यकीय तपासणी होती. तीत नापास झालं, की विमानांचं हँगर सुटणार आणि टेबलाशी बसून टपाल फोडायचं. या विचाराने त्यांची झोप उडाली. शेवटी पद्मिनीबाईच त्यांना शहरातल्या महानगर भागात शुभदा जोगळेकरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. ही मुलगी फिजिओथेरपिस्ट होती.

शुभदाने डॉक्टरांचे कागद वाचले, कंबर तपासली, बूट काढायला लावून कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप धरली. दोन्ही पाय सारखे!

"मग माझं दुखणं काय खोटं आहे?" सबनीस चिडले.

"अजिबात नाही, काका. दुखणं खरं आहे, पायाची गोष्ट खोटी आहे. दुखणं म्हणजे भोंगा. तो वाजला म्हणजे दर वेळी आग लागलेली असते असं नाही. कमर लचकली होती, ती केव्हाच भरून आली. भोंगा मात्र हळवा झालाय. तुम्ही भिता, श्वास धरता, अंग आवळता, वाकत नाही. मग तो जास्तच कोकलतो."

"पण त्या दिवशी तर मी वाकलो!"

"कारण घटकाभर भीती गेली. पाठ वाकू शकते, हे तुम्हीच तीनशे लोकांना दाखवलंत!"

सबनीसांनी जमिनीवरच्या आपल्या बुटांकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "किती वाकू?"

रोज पाच वेळा, सावकाश, श्वास न धरता. दहा मिनिटं चालायचं, दर दोन दिवसांनी थोडं वाढवायचं. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही; पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला तर मात्र लगेच डॉक्टर. पहिल्या आठवड्यात सबनीस कण्हले, दुसऱ्यात कुरकुरले, आणि चौथ्या आठवड्यात तपासणी पास झाले.

पुढच्या रविवारी ते आमराईत पुन्हा खुर्चीत बसले. बाबा बूट का काढू देत नाहीत हे ओळखून या वेळी शुभदाने त्यांचे बूट मोज्यांसकट घोट्यांना चिकटपट्टीने घट्ट बांधले होते, आणि वर पँट सोडली होती.

"टाँग फिर छोटी!" म्हणत बाबांनी उजवा बूट हळूच ओढला. बूट हलेना. बाबांनी जोर लावला. बूट, सबनीस आणि खुर्ची असे सगळेच पुढे सरकले. बाबांनी दातओठ खाऊन हिसका दिला, आणि खुर्चीसकट सबनीस त्यांच्या मांडीत!

"बाबाजी, टाँग खींचिए, कुर्सी नहीं!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

शुभदा पुढे आली. एका दूधवाल्याला खुर्चीत बसवून तिने त्याचा उजवा बूट टाचेकडून नकळत बाहेर सरकवला. डावा पाय आखूड! बूट परत आत ढकलला. पाय बरोबर! तिने तीनदा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी दूधवालाच हसून लोळायला लागला. बाबा तोवर आपली झोळी घेऊन रिक्षात चढले होते.

लोक मात्र आता शुभदाभोवती जमले. "मैया, हमारी भी कमर!" म्हणत एक आजी तिच्या पायांवर वाकल्या, पाठोपाठ दहाजण.

"अरे, पैर नहीं!" शुभदा उडी मारून मागे सरली. मग त्या वाकलेल्या पाठींकडे बघून तिला हसू आलं. "वैसे झुक तो बढ़िया रही हैं, अम्मा. अब साँस छोड़िए, धीरे से उठिए. चार बार और!"

आमराईत सगळे वाकू लागले, उठू लागले, आणि सबनीस मोठ्याने आकडे मोजू लागले. मोजणं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "भाइयो, जो दर्द की वजह समझाए, उससे सौ सवाल पूछो. जो सवाल से चिढ़े, उसके हाथ में अपनी टाँग मत दो."